एकाचें वाद्य, दुसऱ्याचा खेळ

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा सुरू झाली त्याच आठवड्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, वाद्य बिघडलेलें नाहीं, मग तें वाजत कां नाहीं?" प्रश्न विलक्षण वाटला, म्हणून आम्हीं त्यास सर्व हकीकत सांगावयास लाविलें. त्याच्या मामांनीं परदेशांतील बिऱ्हाड मोडतांना एक गेमचें यंत्र, संगीताच्या खेळाची एक तबकडी व गिटारच्या आकाराचा एक प्लास्टिकचा कंट्रोलर इतक्या वस्तु भाच्यास पाठविल्या होत्या. यंत्र सुरू झालें, पडद्यावर खेळ दिसूं लागला; परंतु गिटारवरील कोणतेंहि बटण दाबलें तरी खेळ ढिम्म हालेना. वडिलांनीं ती गिटार दुरुस्तीच्या दुकानीं नेली. दुकानदारानें ती खोलली, तपासली, आपले पैसे घेतले आणि सांगितलें कीं, हिच्यांत कांहीं एक बिघाड नाहीं. अखेर ही ब्याद भंगारवाल्यास देऊन टाकावी, असें घरांत ठरत आलें होतें. अधिक चौकशी करितां कळून आलें तें इतकेंच कीं, गिटार एका कंपनीची होती आणि तबकडी तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीची.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर 'दोन कंपन्यांचें पटलें नाहीं' अशा चार शब्दांत देतां येईल. परंतु तें कां पटलें नाहीं, आणि न पटल्याची किंमत कोणीं दिली, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि समजून घेण्यासारखें आहे. म्हणून त्या मुलास जें सांगितलें तेंच थोडें विस्तारानें येथें लिहितों.

ज्या वाचकांनीं हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठीं प्रथम त्यांचें स्वरूप सांगतों. पडद्यावर गाणें सुरू होतें आणि त्याबरोबर रंगीत खुणा वरून खालीं सरकत येतात. खेळणाऱ्याच्या हातीं गिटारसारखा कंट्रोलर असतो. त्याच्या मानेवर हिरवें, तांबडें, पिवळें, निळें व नारिंगी अशीं पांच बटणें आणि पोटावर तारांच्या जागीं वरखालीं हालणारी एक पट्टी असते. ज्या रंगाची खूण येईल त्या रंगाचें बटण डाव्या हातानें धरून नेमक्या क्षणीं उजव्या हातानें पट्टी हालवावयाची. वेळ साधली तर गाण्यांतील गिटारचा सूर ऐकूं येतो. चुकली तर तो सूर बंद पडतो.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. आपल्या पेटीचा सूर पेटींतूनच निघतो. तिला दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाहीं. ह्या गिटारींतून सूर मुळींच निघत नाहीं. तिच्यांतून निघतो तो केवळ एक निरोप. सूर असतो तबकडींत. निरोप घेणाऱ्यानें तो घेतलाच नाहीं, तर निरोप्या कितीहि धडधाकट असला तरी त्याचा उपयोग काय?

आतां हा निरोप कसा पोहोंचतो तें पाहूं. बटण दाबलें कीं गिटारच्या पोटांतील एक लहानसें विद्युन्मंडल पुरें होतें. आंतील चिप तें टिपून घेते आणि 'हिरवें दाबलेलें, तांबडें सुटें, पट्टी खालीं' अशा अर्थाचे आंकडे, एका सेकंदांत अनेक वेळां, यंत्राकडे धाडीत असते. सगळा मजकूर फारच थोडा असतो: पांच बटणें, एक पट्टी, सुरास कंप देण्याची एक दांडी, आणि गिटार उभी केली कीं आडवी आहे हें ओळखणारी एक कळ. प्राथमिक शाळेंतील मुलासहि हा हिशेब कागदावर मांडतां येईल.

परंतु निरोप ऐकण्यापूर्वीं यंत्र निरोप्यास त्याची ओळख विचारतें. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या यूएसबी पद्धतीप्रमाणें, जोडलेली प्रत्येक वस्तु आरंभीं आपले दोन क्रमांक सांगते. एक तिच्या कंपनीचा व दुसरा त्या मालाचा. खेळ रचणाऱ्यानें ज्या क्रमांकांची यादी खेळांत घालून ठेविली असेल, त्याच वस्तूंचें तो खेळ ऐकतो. शाळेच्या हजेरीपटाचें उदाहरण घ्या. एखादा मुलगा वर्गांत येऊन बसला, त्यास धडा तोंडपाठ आहे, पण त्याचें नांव पटावर नाहीं. गुरुजी क्रमाक्रमानें नांवें पुकारतील, हजेरी पुरी होईल, आणि त्या मुलानें 'हजर' म्हणण्याची वेळ कधींच येणार नाहीं. मुलाच्या अभ्यासांत कांहीं उणें नाहीं. उणें आहे तें पटावर. आमच्या विद्यार्थ्याच्या गिटारीची गोष्ट नेमकी अशीच होती.

मग प्रतिस्पर्ध्याच्या वाद्याचें नांव पटावर घालावयास अडचण ती कोणती? याचें उत्तर यंत्रशास्त्रांत नाहीं. तें ह्या व्यापाराच्या इतिहासांत आहे.

गिटारच्या आकाराचा कंट्रोलर हातीं देणारा गिटारफ्रीक्स हा खेळ जपानांतील कोनामी कंपनीनें १९९९ सालीं काढला. तो नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रावर असे व त्याच्या गिटारीस तीनच बटणें होतीं. पुढें २००५ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत गिटार हीरो हा खेळ निघाला. खेळ रचिला मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील हार्मोनिक्स ह्या मंडळीनें. गिटार पुरवून तो प्रसिद्ध केला कॅलिफोर्नियांतील रेड ऑक्टेन कंपनीनें. दोघांनीं मिळून मांडलेला हा संसार चांगलाच भरभराटीस आला, आणि भरभराटीबरोबर वाटणीहि आली. २००६ सालीं अॅक्टिव्हिजन ह्या मोठ्या कंपनीनें रेड ऑक्टेन विकत घेतली. त्याच वर्षीं हार्मोनिक्सला एमटीव्हीनें घेतलें. गिटार हीरो हें नांव व त्याची गिटार एका घरीं गेली. तो खेळ ज्यांच्या डोक्यांतून निघाला ते कारागीर दुसऱ्या घरीं गेले.

२००७ च्या ऑक्टोबरांत अॅक्टिव्हिजननें गिटार हीरोचा तिसरा भाग काढला; तो नेव्हरसॉफ्ट ह्या दुसऱ्याच मंडळीनें रचिला होता. पुढच्याच महिन्यांत हार्मोनिक्सचा नवा खेळ रॉक बँड बाजारांत आला. त्यांत गिटारीच्या जोडीस ड्रम व मायक्रोफोनहि असल्यामुळें चार मित्रांस एकत्र खेळतां येई. गिटार हीरोचा गिटारसह संच सुमारें १०० डॉलरांस व रॉक बँडचा पुरा संच सुमारें १७० डॉलरांस मिळे. दोन्ही गिटारींस तींच पांच बटणें, त्याच पांच रंगांचीं, त्याच क्रमानें. एक वाजवितां आली तर दुसरी शिकावी लागत नसे. साहजिकच लोकांनीं धरून चालले कीं, एक गिटार घरांत असली म्हणजे दोन्ही खेळांस पुरेल.

प्रत्यक्ष अनुभव मात्र दोन यंत्रांवर दोन प्रकारचा आला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ह्या यंत्रावर गिटार हीरोची गिटार रॉक बँडमध्यें चाले. कारण असें कीं, 'गिटार' ह्या जातीचा कंट्रोलर आपले निरोप कोणत्या रीतीनें देईल, हें यंत्र करणाऱ्यानेंच आधीं ठरवून दिलें होतें. ती रीत पाळणारी गिटार कोणाचीहि असो, खेळास ती गिटार म्हणूनच दिसे. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर अशी एक जात ठरलेली नव्हती. तेथें प्रत्येक कंपनीनें आपल्या बिनतारी गिटारीबरोबर आपला स्वतंत्र ग्राहक, म्हणजे यूएसबीच्या खांचेंत बसवावयाचा लहानसा तुकडा, दिला होता. आणि प्रत्येक खेळ आपल्याच गिटारीचें ऐके. परिणाम असा झाला कीं, त्या वर्षींच्या नाताळांत ज्या घरीं दोन्ही खेळ आले, त्या घरीं एकाच कामाच्या दोन गिटारी कोपऱ्यांत उभ्या राहिल्या.

डिसेंबर २००७ मध्यें हा वाद चव्हाट्यावर आला. हार्मोनिक्सनें जाहीर केलें कीं, प्लेस्टेशन ३ वरील रॉक बँडनें गिटार हीरोची गिटार ओळखावी यासाठीं लागणारी दुरुस्ती आपण तयार करून सोनीकडे सोंपविली होती. परंतु अॅक्टिव्हिजननें हरकत घेतल्यामुळें ती अडली. अॅक्टिव्हिजनचें म्हणणें असें कीं, आपल्या गिटारींचा उपयोग दुसऱ्याच्या खेळांत व्हावा याविषयीं करार करण्यास आपण तयार होतों, परंतु समोरच्या पक्षानें तो मान्य केला नाहीं.

दोन्ही पक्षांचें म्हणणें निर्विकार मनानें तोलून पाहिलें पाहिजे. गिटार बनविण्यास खर्च येतो. ती विकणारा म्हणेल, 'मीं गिटार घरोघर पोहोंचवावी आणि दुसऱ्यानें नुसती तबकडी विकून तिचा फायदा घ्यावा, हा कोठला न्याय?' ह्या बोलण्यांत कांहींच अर्थ नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ह्या दोघांच्या पलीकडे एक तिसरा पक्ष होता, त्यास ह्या वाटाघाटींत बसावयास पाटहि मिळाला नव्हता. त्यानें गिटारीचे पैसे रोख मोजले होते. गिटार त्याची झाली होती. ती त्यानें कोणत्या गाण्याबरोबर वाजवावी, हें विकणाऱ्यानें विक्रीनंतरहि ठरवीत राहावें काय? आमच्या मतें खरा प्रश्न हाच आहे, आणि तो गिटारीपुरता नाहीं.

सुदैवानें पुढच्याच वर्षीं शहाणपणानें उचल घेतली. २००८ च्या शरदांत तीन नवे खेळ यावयाचे होते: रॉक बँडचा दुसरा भाग, गिटार हीरो वर्ल्ड टूर, आणि कोनामीचा रॉक रेव्होल्यूशन. ते बाजारांत येण्यापूर्वींच, ह्या खेळांचीं वाद्यें एकमेकांच्या खेळांत चालतील असें जाहीर करण्यांत आलें. गिटारीच्या अंगांत ह्यासाठीं कांहीं नवें घालावें लागलें नाहीं. तारा त्याच, बटणें तींच. पटावर नांव घातलें गेलें, इतकेंच.

तथापि, मन वळलें म्हणजे सर्व अडचणी सरल्या असेंहि नव्हे. आणि आमच्या विज्ञानप्रिय विद्यार्थ्यांनीं ही बाजू विसरूं नये. ड्रमचें उदाहरण पाहा. रॉक बँडच्या ड्रमास ठोके घेणाऱ्या चार चकत्या व पायानें दाबावयाचें एक पेडल होतें. गिटार हीरो वर्ल्ड टूरच्या ड्रमास तीन चकत्या, वर उचललेल्या दोन झांजा, व एक पेडल होतें. म्हणजे एकाचे हाताचे ठोके चार जागीं, दुसऱ्याचे पांच जागीं. चार जागांसाठीं लिहिलेला खेळ पांच जागांच्या ड्रमावर खेळतांना एक जागा उरते. उलट केलें तर एक जागा कमी पडते. अशा वेळीं खेळ रचणाऱ्यास दोन रंग एकांत मिळवावे लागतात किंवा खुणांची मांडणी बदलावी लागते. निन्टेन्डोच्या वी ह्या यंत्रावर तर अडचण आकाराचीच होती. तेथें गिटार हीरोच्या गिटारीच्या पोटांत यंत्राचाच हातांत धरावयाचा रिमोट बसवावा लागे. रॉक बँडची गिटार यूएसबीच्या ग्राहकामार्फत बोले. हे भेद खरे होते, आणि ते मिटविण्यास बुद्धि व श्रम लागतात. म्हणून जेथें 'हें त्यास जुळत नाहीं' असें ऐकूं येईल, तेथें आधीं विचारावें, जुळत नाहीं कीं जुळूं दिलें जात नाहीं? पहिल्या रोगास कारागीर लागतो, दुसऱ्यास करार.

प्रतिस्पर्ध्यांनीं आधींच करार केला तर काय होतें, याचें उत्तम उदाहरण संगीताच्याच क्षेत्रांत आहे. विजेवर चालणारे सिंथेसायझर निरनिराळ्या कंपन्या बनवीत, आणि एकाचें दुसऱ्यास कळत नसे. १९८१ सालीं जपानांतील रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी व अमेरिकेंतील सिक्वेन्शल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनीं, सर्वांची मिळून एकच निरोपाची भाषा असावी, ही कल्पना उचलून धरिली. १९८३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील वाद्यांच्या मोठ्या प्रदर्शनांत ह्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेनें जोडून दाखविण्यांत आले. एकावर बोट ठेविलें कीं दुसराहि वाजे. ह्या भाषेचें नांव मिडी. कोणता स्वर, किती जोरानें, केव्हां धरिला व केव्हां सोडला, हें ती सांगते. स्वरांस ० पासून १२७ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत. ती वापरण्याबद्दल तिच्या जनकांनीं फी घेतली नाहीं. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या वेळचें वाद्य आजच्या संगणकास जोडतां येतें. २०१३ सालीं ह्या दोघांस ह्या कार्याबद्दल तांत्रिक ग्रॅमीचा मान मिळाला.

आपल्याकडे गवयानें 'काळी चार' म्हटलें कीं पेटी कोणत्याहि कारागिराची असो, साथीदाराचें बोट नेमकें त्याच पट्टीवर जातें. पट्ट्यांचा क्रम व त्यांचीं नांवें सर्वांनीं एकच मानलीं, म्हणून कोणत्या पेटीवाल्याचें दुकान बसल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. खुद्द हार्मोनिक्सनेंहि हा मार्ग पुढें पत्करला. २०१० सालच्या रॉक बँडच्या तिसऱ्या भागाबरोबर एक लहानसा जोडक मिळूं लागला, त्याच्या योगें मिडी जाणणारे खरे विजेचे ड्रम व कीबोर्ड त्या खेळास जोडतां येत.

परंतु तोंवर ह्या खेळांचा बहर ओसरला होता. एकामागून एक निघालेल्या नव्या भागांनीं व घरांत सांठलेल्या प्लास्टिकच्या वाद्यांनीं लोक कंटाळले. २०११ च्या फेब्रुवारींत अॅक्टिव्हिजननें गिटार हीरोचा विभाग बंद केला. २०१५ च्या ऑक्टोबरांत दोन्ही खेळ पुन्हां एकदम परतले, आणि जुनी गोष्ट पुन्हां घडली. रॉक बँडच्या चौथ्या भागानें आपल्या जुन्या गिटारींपैकीं पुष्कळांस जागा ठेविली. गिटार हीरो लाइव्हनें मात्र तीन-तीनांच्या दोन ओळींत सहा बटणें असलेली नवीच गिटार आणली. ती रॉक बँडमध्यें चालेना, आणि जुन्या गिटारी हिच्या खेळांत चालेनात. पुढें १ डिसेंबर २०१८ रोजीं, ज्या दूरच्या संगणकांवरून त्या खेळाचीं बहुतेक गाणीं येत, ते बंद करण्यांत आले. गिटार घरांत राहिली. तिचीं गाणीं गेलीं.

आतां पालकांस चार शब्द. केवळ संगीताच्या खेळांपुरतेंच नव्हे, तर कोणतेंहि जोडून वापरावयाचें यंत्र घेतांना, विशेषतः तें जुनें असल्यास, दुकानदारास चार प्रश्न अवश्य विचारावे. पहिला, हें नेमकें कोणत्या यंत्रासाठीं बनविलेलें आहे? एकाच कंपनीच्या एकाच नांवाच्या गिटारी निरनिराळ्या यंत्रांसाठीं निरनिराळ्या असतात. दुसरा, तें बिनतारी असल्यास त्याचा ग्राहक बरोबर आहे काय? अंगठ्याएवढा तो तुकडा हरवला तर बाकीचें वाद्य मुकें होतें. तिसरा, बटणें व चकत्या खेळास हव्या तितक्याच आहेत काय? आणि चवथा, हा खेळ आपल्या घरींच पुरा होतो, कीं दूर कोठें तरी असलेला कोणाचा संगणक चालूं राहण्यावर तो अवलंबून आहे? ह्या चार प्रश्नांस पांच मिनिटें लागतात, आणि त्यांनीं पुष्कळांचे पैसे व मुलांचे अश्रू वांचतील.

आमच्या विद्यार्थ्याच्या गिटारीचें पुढें काय झालें, हें सांगून लेख पुरा करितों. त्याची थोरली बहीण संगणकाचा अभ्यास करिते. तिनें त्या गिटारीचा ग्राहक घरच्या संगणकास जोडला व क्लोन हीरो नांवाचा, ह्या खेळांच्या चाहत्यांनींच रचिलेला एक विनामूल्य खेळ सुरू केला. त्या खेळानें गिटारीस नांवगांव विचारून परत पाठविलें नाहीं. त्यानें इतकेंच विचारलें कीं, हिरव्यासाठीं कोणतें बटण धरूं? मुलानें तें दाबलें. तांबड्यासाठीं कोणतें? तेंहि दाबलें. असें करीत करीत सर्व बटणांची ओळख पटली, आणि जी गिटार भंगारांत जावयाची ती त्या संध्याकाळीं वाजूं लागली. तिची एक तारहि कोणीं बदलली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा हंसत आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, कोणी तरी तिला विचारावयास पाहिजे होतें." आम्हांस ह्याहून अधिक कांहीं सांगावयाचें उरलें नाहीं. मात्र आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक जण उद्यां स्वतः यंत्रें बनवितील, खेळ रचितील, दुकानें चालवितील. त्यांनीं आपल्या दाराशीं प्रतिस्पर्ध्याचें वाद्य घेऊन कोणी गिऱ्हाईक आलें, तर त्या दिवशीं ह्या मुलाची आठवण ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.